कुत्र्याने बागेतलं औषध खाल्लं? मिठाचं पाणी पाजण्याआधी हे वाचा

गुलाबावर मारायचं क्लोरपायरीफॉस, उंदरांची काळी पूड, गोगलगाईंच्या गोळ्या, एरंडीची पेंड: पोटात यातलं काय गेलं, त्यावर उपचार ठरतो. तरी घरात पहिली धावपळ होते ती उलटी करवायची.

मिठाचं पाणी. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात उतरतं, सोडियम वाढून झटके येतात. मग झटके विषाचे की मिठाचे, हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही. घशात बोटं घालणंही नको.

बाटलीवर नावापुढे 'ईसी' असेल (पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होतं ते), तर त्यात रॉकेलच्या जातीचं द्रावक असतं. उलटीतून ते फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. कुत्रा गुंगीत असेल किंवा थरथरत असेल तर कुठल्याच विषासाठी घरी उलटी करवू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे इंटरनेटवरचे डोस ३ टक्क्यांच्या द्रावणाचे असतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहसा मिळतं ते २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं. ते तसंच पाजलं तर अन्ननलिका आणि जठर सोलून निघतं. दवाखान्यात इंजेक्शन देऊन, कुत्र्यावर लक्ष ठेवून उलटी करवता येते. ते काम तिथेच होऊ द्या.

दूध, तूप, भात. दुधाने विष मरत नाही. उंदरांची काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड असेल तर खाणं देणं उलट घातक, कारण अन्नाने जठरातलं आम्ल वाढतं आणि आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन वायू सुटतो. लसूण किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर तो हुंगत बसू नका, तो माणसालाही बाधतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवूनच निघा.

बाटली घरीच विसरणं. बाटली किंवा पाकीट, आतलं माहितीपत्रक आणि झालेली उलटी पिशवीत बांधून सोबत न्या. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल. विषाची लक्षणं आणि उताराही छापलेला असतो. निघतानाच फोनवर कुत्र्याचं वजन, किती वाजता खाल्लं आणि बाटलीतून किती कमी झालंय, एवढं सांगा.

तोंडातून लाळेची तार, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, जुलाब, थरथरणारे पाय: ही क्लोरपायरीफॉसच्या गटाची खूण. यावर अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम देतात. प्रॅलिडॉक्झिम जितकं लवकर तितकं बरं, कारण उशीर झाला की विषाची पकड सोडवता येत नाही.

औषध अंगावर सांडलं असेल तर कुत्रा ते चाटत राहतो. तो शुद्धीवर असेल आणि झटके नसतील तर हातमोजे घालून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. पंजांच्या बोटांमधली जागा हमखास राहून जाते.

"आता खेळतोय, म्हणजे ठीक आहे." ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ब्रोमॅडिओलोनच्या उंदीर-वड्या खाल्ल्यावर साधारण २ ते ५ दिवस काहीच दिसत नाही. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून रक्त येतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, खाल्ल्यापासून ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची पीटी तपासणी करून घ्या. यावरचा उतारा म्हणजे व्हिटॅमिन के-१; ते सुरू झालं तर बहुधा ३ ते ४ आठवडे द्यावं लागतं. के-३ त्याच्या जागी चालत नाही. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी पीटी पुन्हा करायची, ती नॉर्मल आली तरच उपचार संपला समजायचा.