नळी नको, चमचा धरा

आमच्या केंद्रात सिस्टर म्हणून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न: "आई जेवत नाही, नाकातून नळी घालू या का?" डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) शेवटच्या टप्प्यात असेल, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं असेल, उठणं-बसणं बंद असेल, तर मी "नको" म्हणते. नळीनं आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. पेशंट नळी उपसतो, मग त्याचे हात बांधले जातात. मला ते बघवत नाही.

हातानं भरवा. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. तुम्हीही समोर बसा, उभ्यानं भरवू नका. चहाचा चमचा अर्धाच भरायचा. गिळल्याचं गळ्यावर दिसलं की मगच पुढचा. पाण्यानं ठसका लागतो त्यांना नाचणीची दाट पेज बरी जाते, मऊ वरणभातही. ओठ मिटले, मान फिरवली की थांबा. "एवढा एकच घास, माझ्यासाठी" नको. चार चमचे गेले तर चार. शरीर मिटत आलं की भूक आपोआप मंदावते. तुम्ही उपाशी ठेवताय असं नाही. नंतर अर्धा तास आडवं करू नका.

ओल्या गॉजनं हिरड्या पुसा, ओठांना तूप लावा. दात आवळत असतील तर बोट आत घालू नका. दर 2 तासांनी कूस बदला.

दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. आम्ही पाच गोष्टी बघतो: श्वास, कण्हणं, चेहरा, अंग आखडणं, समजावल्यावर शांत होतात की नाही. प्रत्येकीला 0 ते 2 गुण; गुण जास्त तर दुखणं जास्त. कूस बदलतानाच बघा, स्वस्थ पडलेल्या माणसाचं दुखणं लपतं. मॉर्फिनचं नाव निघालं की घरचे दचकतात; डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन दुखण्यावरचं औषध आहे.

आयसीयूत न्यायचं की नाही, हे डॉक्टर आणि सगळ्या भावंडांना एकत्र बसवून ठरवा. परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर घ्याच. ऐनवेळी विमानातून उतरून "सगळं करा" म्हणणारा तोच असतो. पूर्वी शुद्धीत असताना पेशंटनं शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) केलं असेल (2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात) तर प्रत केंद्राच्या फाइलला लावा. रात्रपाळीची सिस्टर फाइलच बघते.

आणि मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देणार, हे आत्ताच विचारून ठेवा. त्याच्याविना स्मशानात अडतं.