नगरपरिषदेची खरेदी : निविदा उघडण्याआधीचे काम

नगरपरिषदेने एलईडी पथदिवे घ्यायचे ठरवले की दर किती येईल आणि काम कोणाला मिळेल, याचीच चर्चा सुरू होते. स्पर्धा खुली राहणार की नाही, हे मात्र विनिर्देश (वस्तू नेमकी कशी हवी याचे तांत्रिक वर्णन) आणि अटी ज्या टेबलावर लिहिल्या जातात तिथेच बव्हंशी ठरून गेलेले असते. म्हणून सर्वांत जास्त वेळ त्या टेबलाला द्यावा.

सुरुवात मागणीपासून करावी. प्रभागनिहाय वर्षभराची गरज मोजून एकत्र मांडावी, अर्थसंकल्पातील तरतूद लेखापालाकडून तपासून घ्यावी आणि आवश्यक त्या मंजुऱ्या हाती आल्यावरच पुढे जावे. एका वस्तूच्या मागणीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदा न काढता नुसत्या दरपत्रकांवर भागवला, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतोच, शिवाय एकगठ्ठा खरेदीत मिळणारा दरातील फायदाही गावाला मिळत नाही. उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने आलेली खरेदी नियमपुस्तिका जवळ ठेवावी. मात्र ई-निविदा किती रकमेपासून काढायची यासारख्या आर्थिक मर्यादा पुढील शासन निर्णयांनी बदलत असतात, त्यामुळे मागच्या फाईलवरची टिप्पणी न उतरवता चालू निर्णयाचा क्रमांक व दिनांक नोंदवावा.

विनिर्देश लिहिताना अमुक कंपनीचाच दिवा हवा असे लिहू नये आणि एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे उतरवूही नयेत, कारण नाव न घेताही दार बंद करण्याची ती रीत आहे. दिवा किती वॅटचा, त्याचा प्रकाश किमान किती ल्युमेन, पाऊस व धूळ रोखण्यासाठी आयपी-65 किंवा त्याहून वरचे संरक्षण, विजेचा दाब अचानक वाढल्यास टिकण्याची क्षमता, हमीची वर्षे आणि बंद पडलेला दिवा किती दिवसांत बदलून द्यायचा, हे सर्व मोजता येईल अशा शब्दांत यावे. ‘उत्तम दर्जाचा’ या शब्दांना छाननीच्या वेळी काहीच किंमत नसते.

पात्रतेच्या अटी कामाच्या आकाराला साजेशा असाव्यात. काही लाखांच्या पुरवठ्यासाठी कोट्यवधींची उलाढाल मागितली, तर तालुक्यातील सक्षम पुरवठादार आपोआप बाहेर पडतात. एकदा प्रसिद्ध केलेली अट मात्र कार्यालयालाही बांधते. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत हॉटेलचालक मागितला होता आणि ती अट पूर्ण न करणाऱ्याला काम दिले गेले. याच रमणा शेट्टी प्रकरणात 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सार्वजनिक संस्थेला स्वतः घातलेले पात्रतेचे निकष मनमानीने बाजूला सारता येत नाहीत. अट चुकलीच असेल, तर मुदत संपण्यापूर्वी शुद्धिपत्रक काढून सर्वांसाठी एकदमच बदलावी आणि गरजेप्रमाणे मुदतवाढ द्यावी. निविदापूर्व बैठकीत आलेल्या शंकांची उत्तरेही महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर सर्वांना दिसतील अशी द्यावीत. एकट्यादुकट्याला फोनवर देऊ नयेत.

दोन लिफाफा पद्धतीत पात्रतेची कागदपत्रे एका लिफाफ्यात आणि दर दुसऱ्यात असतात; आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), प्रमाणपत्रे व नमुना तपासून प्रत्येक निविदाधारक पात्र किंवा अपात्र का, हे कारणासह लिहावे आणि आर्थिक लिफाफे केवळ पात्र ठरलेल्यांचेच उघडावेत. पहिल्यांदा निविदा मागवल्यावर पुरेशी स्पर्धा झाली नाही, तर अटीच जाचक होत्या का, हे पाहून मगच पुन्हा निविदा मागवावी.

तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली, असे मात्र धरू नये. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत संगनमत करून नावापुरत्या निविदा भरल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 साली बोलीदारांना दंड केला होता. छाननी करणाऱ्या लिपिकाने कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत: तिन्ही पत्रांत एकाच शब्दाची एकच चूक आहे का, बयाण्याचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) बँकेच्या एकाच शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांनी निघाले आहेत का, दरांत सगळीकडे सारखाच फरक आहे का. असे काही आढळले तर ते तुलनात्मक तक्त्यासोबतच्या टिप्पणीत नोंदवून मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवावे. तोंडी सांगून सोडू नये.

दर अंदाजपत्रकापेक्षा फार जास्त असेल, तर वाटाघाट न्यूनतम दराच्या निविदाधारकाशीच आणि लेखी करावी. पुरवठा आदेशापूर्वी सुरक्षा अनामत घ्यावी व अयशस्वी निविदाधारकांचा बयाणा न रखडवता परत करावा, कारण पैसे अडकलेला छोटा दुकानदार पुढच्या वेळी निविदा भरत नाही. माल आल्यावर वरची खोकी न उघडता गठ्ठ्याच्या मधली उघडावीत, दिवा मंजूर नमुन्याशी ताडून पाहावा आणि त्यानंतरच साठा नोंदवहीत सही करावी.