सीपीआरनंतर ठोके परत आले पण बीपी टिकत नाही: हार्टला पंपाचा आधार कधी द्यायचा आणि दिल्यावर काय काय बघायचं

हे लिहितेय ते सीसीयूत (हार्टच्या आयसीयूत) नव्याने नाइट लागलेल्या रेसिडेंटसाठी आणि सिस्टर-ब्रदर लोकांसाठी. पेशंटचं हार्ट बंद पडलं होतं, सीपीआर आणि शॉक देऊन परत सुरू झालं, पण बीपी काही धरत नाहीये, नॉरॲड (बीपी चढवणारं औषध) वाढवत वाढवत वर नेलंय आणि कोणीतरी म्हणतं बलून (ॲओर्टात, म्हणजे मुख्य धमनीत, फुगणारा पंप) टाकूया का, दुसरा म्हणतो एक्मो (रक्त बाहेर काढून ऑक्सिजन घालून परत देणारं मशीन) टीमला फोन करा. तिथून पुढचे दोन-तीन दिवस काय करायचं ते सांगते. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि कन्सल्टंटचा निर्णय शेवटचा, हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. अरेस्टनंतर, म्हणजे हार्ट बंद पडून परत सुरू झाल्यावर, हार्टचा स्नायू काही काळ बधिर होतो, पहिल्या काही तासांत पंपिंग अजून उतरतं आणि बऱ्याच पेशंटमध्ये ४८ ते ७२ तासांत बऱ्यापैकी परत येतं. बलून काय, इम्पेला (हार्टच्या डाव्या कप्प्यात बसवायचा छोटा पंप) काय, एक्मो काय, यातलं काहीच हार्ट बरं करत नाही, ते फक्त एवढे दिवस मेंदूला, किडनीला, लिव्हरला रक्त पोचवत ठेवतं, तोवर अरेस्टचं मूळ कारण शोधून दुरुस्त करायचं असतं. कारणच सापडलं नाही किंवा दुरुस्त होण्यासारखं नसेल तर पंप लावून आपण कुठे जाणार आहोत हे लावायच्या आधी विचारायचं, लावल्यावर नाही.

म्हणून फोन उचलायच्या आधी इकोचा प्रोब उचला. बीपी कमी आहे म्हणजे हार्टच दमलंय असं नसतं. सीपीआरमध्ये बरगड्या मोडतात, लिव्हर फाटू शकतं, छातीत रक्त किंवा हवा साठू शकते, टॅम्पोनाड (हार्टभोवती रक्त साठून ते दाबलं जाणं) असू शकतं, फुप्फुसात मोठी गुठळी असू शकते, आणि कधी नुसत्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, तेव्हा हार्ट धडाधड चालत असतं आणि पंपाचा काडीचा उपयोग नसतो. प्रोब ठेवून डावी बाजू कशी आहे, उजवी फुगलीय का, भोवती पाणी आहे का, ॲओर्टिक व्हॉल्व्ह गळतोय का, पोटात फ्लुइड आहे का, एवढं पाच मिनिटांत बघून होतं. व्हॉल्व्ह बऱ्यापैकी गळत असेल किंवा ॲओर्टा फाटलेली असेल तर बलून आणि इम्पेला दोन्ही बाद, हे पाठच करा. डाव्या व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात) गुठळी असेल किंवा ॲओर्टिक जागी मेकॅनिकल व्हॉल्व्ह असेल तर इम्पेला नाही.

ईसीजी लगेच काढलात तरी त्यावर उड्या मारू नका. ठोके परत आल्यावरच्या पहिल्या सात-आठ मिनिटांतल्या ईसीजीत एसटी वर (हार्ट अटॅकची खूण) दिसणं बरेचदा फसवं असतं, थोडं थांबून परत काढा. खरंच एसटी वर असेल किंवा शॉक (अवयवांना रक्त न पुरणं) हार्टमुळेच आहे असं वाटत असेल तर कॅथ लॅब, आणि तिथे आधी दोषी धमनी उघडायची, बाकीच्या त्याच वेळी करत बसायचं नाही, २०१७ च्या कल्प्रिट-शॉक ट्रायलनंतर हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. आणि अरेस्टचं कारण नीट कळत नसेल तर शक्य असल्यास हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जोरात सुरू करायच्या आधी डोक्याचा सीटी करून घ्या. मेंदूतला रक्तस्राव ईसीजी बदलवतो, हार्टसुद्धा सुस्त करतो, आणि अशा पेशंटला आपण पंप लावून हेपरिन दिलं तर काय होईल ते सांगायला नको.

आता कोणता पंप. बलून सगळ्यात सोपा, मांडीतून उतरत्या ॲओर्टात जातो, टोक डाव्या सबक्लेव्हियन धमनीच्या जरा खाली, हेलियमने डायस्टोलमध्ये (हार्ट सैल असताना) फुगतो आणि सिस्टोलच्या (हार्ट आवळायच्या) जस्ट आधी बसतो. मदत मात्र तुटपुंजी. २०१२ च्या आयएबीपी-शॉक टू मध्ये ६०० पेशंट होते, ३० दिवसांत मृत्यू बलूनवाल्यांत ३९.७ टक्के आणि बाकीच्यांत ४१.३, म्हणजे फरक नाहीच. त्यामुळे हाताशी आहे म्हणून प्रत्येकाला बलून, ही सवय सोडायला हवी. मायट्रल व्हॉल्व्ह धरून ठेवणारा स्नायू तुटला, सेप्टम फाटलं, ऑपरेशन होईपर्यंत ढकलायचंय, अशा वेळी मात्र तो अजूनही कामाचा आहे.

इम्पेला सीपी डाव्या व्हेंट्रिकलमधून रक्त ओढून ॲओर्टात टाकतो, मिनिटाला साधारण साडेतीन लिटर, म्हणजे डावी बाजू खरोखर मोकळी करतो. २०२४ च्या डॅनजर शॉक ट्रायलमध्ये एसटी वर असलेल्या हार्ट अटॅकच्या शॉकमध्ये १८० दिवसांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले, ही मोठी गोष्ट आहे. पण नीट वाचा, बाहेर अरेस्ट होऊन बेशुद्ध राहिलेले पेशंट त्या ट्रायलमधून वगळले होते. म्हणजे आपल्यासमोरचा पेशंट बहुतेक वेळा त्या आकड्यात बसतच नाही. शिवाय ब्लीडिंग आणि पाय थंड पडणं त्यात जास्त होतं. सीपीआरनंतर लगेच शुद्धीवर आलेला, डोळ्यात डोळा घालून बघणारा आणि तरी शॉकमध्ये असलेला पेशंट असेल तर मी याच्यासाठी हट्ट धरते. उजवी बाजू पण गेलेली असेल तर इम्पेलाला ओढायला रक्तच मिळत नाही, मग व्हीए एक्मोचा (शिरेतून रक्त घेऊन धमनीत देणाऱ्या) विचार येतो.

व्हीए एक्मो मिनिटाला चार-पाच लिटर देतं आणि ऑक्सिजनसुद्धा देतं. २०२३ च्या ईसीएलएस-शॉक मध्ये तीन चतुर्थांशहून जास्त पेशंटना आधी सीपीआर झालेलं होतं, म्हणजे हे खरे आपले पेशंट, आणि ३० दिवसांतले मृत्यू ४७.८ विरुद्ध ४९ टक्के, ब्लीडिंग मात्र दुपटीहून जास्त. म्हणून सरसकट नको. लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडतंय हे सांगणारी तपासणी) चढतंच आहे, बीपीची दोन औषधं भरपूर डोसला चालू आहेत, अरेस्ट कोणीतरी बघितलेलं होतं, सीपीआर लगेच सुरू झालं होतं आणि कारण दुरुस्त होणारं आहे, अशा निवडक पेशंटसाठी बोला, आणि बोलायचंच असेल तर लवकर बोला, सकाळच्या राउंडची वाट बघत लॅक्टेट पंधराला नेऊ नका.

लावून झालं. आता माझं मुख्य म्हणणं ऐका, कारण नवीन लोक इथेच चुकतात, सगळे स्क्रीनकडे बघत बसतात. मशीन फ्लो छान दाखवत असतं आणि चादरीखाली पाय काळानिळा पडत असतो. हे मी बघितलंय. मी नवीन होते, एक्मोचा फ्लो चार लिटर, बीपी मस्त, सगळे खूश, आणि पहाटे चादर बाजूला केली तेव्हा पोटरी दगडासारखी लागली. पेशंट जगला, पाय गेला. तेव्हापासून माझ्या ड्यूटीत दोन्ही पाय उघडे असतात आणि दर तासाला डॉप्लर (धमनीतला प्रवाह ऐकवणारं यंत्र) लागतोच, रंग, गरमपणा, पोटरीचा ताण, सगळं चार्टवर. एक्मोला पायाकडे जाणारी वेगळी छोटी कॅन्युला आहे ना, ती वाहतेय ना, त्यात गुठळी दिसत नाही ना, हे हाताने आणि डोळ्याने बघायचं.

दुसरं, उजवा हात. मांडीतून व्हीए एक्मो असेल तर आर्ट लाइन (धमनीतून सतत बीपी मोजणारी नळी) आणि पल्स ऑक्सिमीटर दोन्ही उजव्या हातालाच. कारण हार्ट सुधारायला लागलं की ते फुप्फुसातून आलेलं रक्त पुढे ढकलतं, आणि फुप्फुसं खराब असतील तर ते काळं रक्त पहिल्यांदा कोरोनरीला आणि मेंदूला जातं, तर पायाकडे मशीनचं लालभडक. पायातल्या गॅसवर सगळं उत्तम दिसेल आणि डोकं मात्र ऑक्सिजनविना. ब्लड गॅस उजव्या हातातूनच काढायचा, दुसरीकडचा बघून समाधान मानायचं नाही.

तिसरं, आर्ट लाइनची लहर. एक्मो मागून ॲओर्टात दाब टाकतं, दमलेल्या हार्टला तो ओलांडता येत नाही, व्हॉल्व्ह उघडायचा थांबतो, डावी बाजू फुगते, फुप्फुसात पाणी भरतं. लहर सपाट व्हायला लागली की लगेच इको करा आणि सिनियरला उठवा, फ्लो कमी करायचा, इनोट्रोप (हार्टची ताकद वाढवणारं औषध) द्यायचं की इम्पेला किंवा बलूनने डावी बाजू मोकळी करायची ते तेव्हाच ठरवावं लागतं.

अलार्मचं थोडक्यात. इम्पेला सक्शन दाखवतोय तर पी लेव्हल (पंपाच्या वेगाची पायरी) एक-दोन पायऱ्या खाली, मग व्हॉल्यूम (अंगात रक्त-पाणी पुरेसं आहे का), उजवी बाजू आणि इकोवर पोझिशन बघा. लघवी लालसर झाली तर हिमॉलिसिस (लाल पेशी फुटणं) समजा. बलूनच्या गॅस लाइनमध्ये रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी बलून फाटलाय, पंप थांबवा आणि काढायची तयारी करा. एक्मोची लाइन थरथरायला लागली तर आरपीएम वाढवू नका, ते उलटं होतं, आधी व्हॉल्यूम, मुडपलेली लाइन, ब्लीडिंग शोधा. आणि पेशंट सीटीला नेताना हँड क्रँक (पंप हाताने फिरवायचा दांडा), क्लॅम्प, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर बेडवर आहे का हे स्वतः हात लावून बघा, "असेल" हे उत्तर चालत नाही.

आता मेंदू, कारण शेवटी पेशंट घरी कसा जातो ते त्यावरच ठरतं. मीन बीपी ६५ च्या खाली राहू देऊ नका, सॅच्युरेशन ९४ ते ९८, शंभर दिसलं की खूश होऊन सोडून देऊ नका, एक्मोवर जास्तीचा ऑक्सिजन अगदी सहज दिला जातो. कार्बन डायऑक्साइड एक्मो सुरू केल्यावर झपकन खाली आणू नका, स्वीप (एक्मोतला गॅसचा प्रवाह) हळूहळू वाढवा. ताप येऊ देऊ नका. आणि ७२ तासांच्या आत "काही होणार नाही" असं कोणीही बोलायचं नाही, सेडेशन उतरलेलं असायला हवं, मग प्युपिल, कॉर्निया, ईईजी, एसएसईपी (नसेला हलका करंट देऊन मेंदूचा प्रतिसाद बघणं), सीटी असं सगळं मिळून बघायचं. एक बारकावा फार जणांना माहीत नसतो, एनएसई हे रक्ततपासणीतलं मार्कर लाल पेशींतही असतं, त्यामुळे पंपावर हिमॉलिसिस चालू असेल तर ते खोटं वाढलेलं येतं. त्या एका आकड्यावर कुणाच्या माणसाचा निर्णय करू नका. एमआरआय तर मशीन असेपर्यंत विसराच.

नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगा की हे मशीन काही दिवसांपुरतं आहे, कशासाठी वाट बघतोय, आणि कोणत्या गोष्टी घडल्या तर ते थांबवावं लागेल. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा हे ऐकलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही.

काढायची वेळ लहर परत मोठी दिसायला लागली आणि औषधं उतरली की येते. एक्मोचा फ्लो टप्प्याटप्प्याने एक-दीड लिटरपर्यंत आणून इको करा, एलव्हीओटी व्हीटीआय (डावी बाजू ठोक्याला किती रक्त ढकलते याचं इकोवरचं माप) १० सेंटिमीटरच्या वर आणि ईएफ (डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त ठोक्याला बाहेर पडतं) २० ते २५ च्या वर टिकत असेल तर आशा धरायला हरकत नाही. कमी फ्लोवर सर्किट गोठतं, म्हणून त्या वेळात हेपरिन बरोबर आहे ना बघा. इम्पेला व्हेंट्रिकलमध्ये असेपर्यंत पी-टूच्या खाली न्यायचा नाही, रक्त पंपातूनच उलटं येतं. बलून एकास तीनवर (तीन ठोक्यांत एकदाच फुगणारा) रात्रभर ठेवायचा नाही. आणि सगळं काढून ड्रेसिंग झालं तरी पुढचे २४ तास जांघ आणि पायाचा डॉप्लर चालूच ठेवा, गुठळी कॅन्युला काढतानाही सरकते.