पोई पेटवण्याआधी तेल निथळा

गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ढोल घुमू लागले की कुणी ना कुणी आगीची पोई काढतोच. ही खायची पोई नव्हे; साखळीच्या टोकाला पेटती वात बांधून अंगाभोवती गोल फिरवायचा हा खेळ. बघताना सोपी वाटते. बिनआगीची पोई तुम्हाला काळोखात दहा मिनिटं न अडखळता फिरवता येत नसेल, तर तेलाला हातच लावू नका.

सामान थोडकं. वात केव्हलार या कृत्रिम धाग्याचीच हवी, ती वितळत नाही. वातीला दोरी नको, साखळी घ्या. कपडे सुती, अंगाबरोबरचे. केस बांधून ओल्या रुमालाखाली. दारू प्यायली असेल तर आज नाही, साथीदारानेही प्यायली असेल तरी नाही.

तेल म्हणजे रॉकेल किंवा दिव्याचं पॅराफिन. पेट्रोल अजिबात नको. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंशांच्या पुढे पेटते, पेट्रोलची उणे ४० च्या आसपासही. तोंडात तेल घेऊन फुंकर मारायची हौस असेल तर ती विसरा. चुकून एक घोट फुप्फुसात गेला तरी न्यूमोनिया होतो.

आता खरी गोष्ट: निथळणं. वात बुडवा, दोनदा झटका आणि पेटवा, असं मलाही एकाने शिकवलं होतं. पहिल्याच फेरीला पेटते थेंब पिचकारीसारखे उडाले आणि समोर उभ्या मैत्रिणीची नडगी भाजली. दिसायला वात कोरडी होती, पण घड्यांच्या आत तेल भरलेलं होतं. फिरवताना ते बाहेर फेकलं जाणारच, झटक्याने ते निघत नाही.

म्हणून वात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायची, डब्यावर लटकवून धार तुटू द्यायची, मग हातमोजे घालून कपडा पिळतात तशी घट्ट पिळायची. त्यानंतर तोंड कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत वात घालून न पेटवता जोरात फिरवा. राहिलेलं तेल बाटलीत जमेल. किती निघतं ते एकदा बघाच. वाळूत तेल झटकणाऱ्यांचा मला राग येतो. तिथे सकाळी पोरं अनवाणी खेळतात.

मोजे काढा, हात साबणाने धुवा. बाहीवर तेल सांडलं असेल तर सदरा बदला. "वाळेल की" म्हणू नका. डब्याचं झाकण लावा, तो वीसेक पावलं लांब ठेवा. पहिल्या चार फेऱ्या मोकळ्या बाजूला तोंड करून.

साथीदाराचं काम एकच, तुमच्याकडे बघत राहणं. व्हिडिओ दुसऱ्याने काढावा. साथीदाराच्या हातात घट्ट पिळलेला ओला सुती टॉवेल असावा. निथळता टॉवेल आगीवर टाकला की वाफेने भाजतं. शब्द आधी ठरवा. आमच्यात "विझव" म्हटलं की तो प्रश्न न विचारता टॉवेल गुंडाळतो. तो म्हणाला तरी मी थांबते, फेरी अर्धी राहिली तरी.

विझलेली वात गरम असताना परत तेलात घालू नका. वाफ धरते आणि डब्यासकट पेटू शकते. थंड होईपर्यंत चहा प्या.

भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल तर पाणी घालून झाल्यावर थेट दवाखाना.