कॅम्पसवर फुटबॉल स्टेडियम बांधायचंय? आधी शेजाऱ्यांचं दार वाजवा

अमेरिकेतल्या कॉलेजात स्टेडियमवरून वाद पेटला की सगळे टीम किती जिंकते त्यावरच भांडत बसतात, पण तो मुद्दाच नसतो. तुम्ही बाजूने असा नाहीतर विरोधात, सुरुवात एकाच प्रश्नाने करा, हे थांबवण्याचा अधिकार नक्की कुणाकडे आहे?

कारण ते जागेजागेला बदलतं. कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात कोलोरॅडो स्टेट हे सरकारी विद्यापीठ, त्यामुळे त्यांच्या जमिनीवर शहराचं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम, चालत नाहीत, शहराच्या हातात फार तर रस्ते-पाण्याचा करार. फिलाडेल्फियात उलटं. टेंपल विद्यापीठाला ३५,००० सीट्सचं, साधारण १३ कोटी डॉलरचं स्टेडियम हवं होतं आणि त्यासाठी १५ व्या रस्त्याचा एक तुकडा बंद करावा लागणार होता, म्हणजे सिटी कौन्सिलची मंजुरी आलीच, आणि तिथे रिवाज असा की ज्याचा वॉर्ड त्याचा शब्द शेवटचा. म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टची मान एका रस्त्यात अडकलेली! म्हणून नकाशा हातात आला की बिल्डिंग नंतर बघा, आधी कुठला रस्ता, कुठली गल्ली जातेय ते बघा.

मग शेजारी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. टेंपलने मार्च २०१८ मध्ये लोकांसाठी सभा ठेवली, पण आजूबाजूचे रहिवासी आणि विद्यार्थी आधीच 'स्टेडियम स्टॉम्पर्स' नावाने एकत्र आलेले, प्रेझेंटेशन सुरू झालं आणि घोषणांच्या आवाजात तिथेच संपलं. ते स्टेडियम आजतागायत उभं राहिलेलं नाही. सगळं ठरवून झाल्यावर 'तुमचं मत सांगा' म्हणून बोलावलं की लोकांना बरोबर कळतं हो. त्यापेक्षा चित्रं छापायच्या आधी चार घरी जा, आणि वर्षाला सहा-सात मॅचचं कौतुक सांगू नका, त्या दिवशी गाड्या कुठे लागणार, दिवे किती वाजता बंद होणार, उरलेल्या दिवसांत कॉन्सर्ट ठेवणार का, हे लेखी द्या. विरोधात असाल तर हेच लेखी मागा.

आता पैसा. 'देणगीतून होईल' हे वाक्य ऐकलं की वही काढा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. कोलोरॅडो स्टेटने आधी निम्मा पैसा देणग्यांतून आणू म्हटलं, मुदतीत तेवढा जमलाच नाही, मग बाँड काढून कर्जावर बांधलं, खर्च साधारण २२ कोटी डॉलर, २०१७ ला उघडलं. माझ्या मते त्यात लबाडीपेक्षा घाई जास्त होती, पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं ना.

मिनेसोटा विद्यापीठाचं उदाहरण मात्र शिकण्यासारखं आहे. तिथे २००६ ला राज्याच्या विधिमंडळातून बिल पास करून घेतलं, २८ कोटी ८५ लाख डॉलरच्या स्टेडियमचा जवळपास निम्मा भार राज्याने उचलला, विद्यार्थ्यांकडून स्टेडियमसाठी घ्यायची फी सेमिस्टरला साडेबारा डॉलरवर आली, आणि बदल्यात विद्यापीठाने २,८४० एकर जमीन राज्याला देण्याचा सौदा मांडला. आमदाराला घरी जाऊन सांगायला काहीतरी हातात द्यावं लागतं, तो जमिनीचा मुद्दा त्यासाठीच. स्टेडियमला आपलं नाव द्यायचा हक्क एका बँकेने २५ वर्षांसाठी ३.५ कोटी डॉलरला घेतला, पण २०२१ मध्ये ती बँकच दुसरीत विलीन झाली आणि पाटी बदलली :) म्हणून करारात नाव बदलायचं कलम बघून घ्या.

शेवटचं, जुन्या स्टेडियमच्या जागेचं काय हे पहिल्याच मीटिंगला विचारा. फोर्ट कॉलिन्सला कुणी नीट विचारलं नाही. शहराच्या कडेचं ह्यूज स्टेडियम पाडलं, तिथे घरं बांधायचा बेत आला आणि परत नवीन भांडण, ते २०२१ ला लोकांनी मतदान करून जमीन मोकळीच ठेवा म्हणेपर्यंत चाललं.