न्हाणीघर नव्याने करताना लादीखालची ओल कशी शोधावी

मुंबई-ठाण्यातील जुन्या सहकारी गृहसंस्थांच्या अनेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब घराच्या इतर स्लॅबपेक्षा वीतभर ते फूटभर खाली सोडलेला असतो, आणि त्या खळग्यात सांडपाण्याचे पाइप व नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी वाहून नेणारे जाळीखालचे भांडे) बसवून वर विटांच्या तुकड्यांचा भराव व कोबा (सिमेंटचा पक्का थर) केलेला असतो. एखादा जोड सुटला की पाणी या भरावात मुरत राहते. वरची लादी मात्र कोरडी व स्वच्छ दिसते, आणि प्रकरण उघडकीस येते ते खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला पोपडे धरल्यावर. म्हणून टाइल्सचे नमुने पाहण्याआधी पाणी नेमके कोठून येते, हे ठरवावे.

त्यासाठी यंत्र लागत नाही. खालच्या छतातून दिवसरात्र सारखीच टिपटिप होत असेल, तर संशय नळाच्या भिंतीतील पाइपवर घ्यावा. न्हाणीघराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवावा आणि सकाळी टिपटिप मंदावली असेल, तर संशय पक्का समजावा. अंघोळीनंतर तास-दोन तासांनी ओल वाढत असेल, तर दोष ट्रॅपच्या जोडात, सांडपाण्याच्या पाइपात किंवा लादीच्या सांध्यांत असतो. अशा वेळी ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून पाहावे. खाली तोच रंग उतरला, तर ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप गळतो आहे. ओल केवळ पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीलाच येत असेल, तर न्हाणीघर फोडून काहीही साधणार नाही. बाहेरील सामाईक पाइप व भिंतीचा तडे गेलेला गिलावा ही संस्थेची जबाबदारी असते, तेव्हा लेखी अर्ज तिकडे द्यावा. भिंतीवरील टाइल्स नाण्याने ठोकून पाहाव्यात. जेथे बद्द आवाज येतो, तेथे मागचा मसाला सुटलेला असतो, आणि सांध्यांतून पांढरा लोणा (क्षारांची पूड) फुटला असेल, तर पाणी आतून बाहेर येत आहे असे समजावे.

न फोडता केवळ वरून रसायन भरून गळती थांबवून देण्याची हमी अनेक जण देतात. सांध्यांतील किरकोळ पाझरासाठी तो उपाय चालतो, परंतु भरावात पाणी साठलेले असताना त्याने फक्त पाण्याची वाट बदलते, असे माझे मत आहे.

संस्थेची परवानगी घेऊन, पाणी व गिझरची वीज बंद करून फोडकाम सुरू करावे. भराव स्लॅबपर्यंत पूर्ण काढावा. अर्धा ठेवून वर नवा कोबा करणे ही खोटी काटकसर आहे. स्लॅबजवळ पोहोचल्यावर मोठा ब्रेकर बाजूला ठेवून छिन्नी-हातोडाच वापरावा. सळया उघड्या पडलेल्या दिसल्या, तर त्यांवर लगेच सिमेंट थापू देऊ नये. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते, त्यामुळे सैल काँक्रीट काढून, तारेच्या ब्रशने गंज खरवडून, गंजरोधक लेप देऊन मगच पॉलिमरयुक्त मसाला भरावा. सळईची जाडीच झिजलेली असेल, तर काम थांबवून संरचना अभियंत्याला बोलवावे. हा निर्णय गवंड्याने घेण्याचा नाही.

जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप टाकल्यावर भिंत बुजवण्याआधी हातपंपाने पाण्याचा दाब देऊन निदान तासभर दाबमापकाचा काटा खाली येत नाही ना, हे पाहावे. उघड्या पाइपांची मोजपट्टी लावून छायाचित्रे काढावीत. पुढे साबणदाणीसाठी भिंतीला छिद्र पाडताना ती उपयोगी पडतात.

जलरोधनात सर्वाधिक चुका कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती होतात. भिंत व जमीन मिळते तेथे मसाल्याचा गोल वाटा (कोपरा गोलसर करणारी पट्टी) मारून त्यावर जाळीची पट्टी बसवावी, पाइपांभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरण्याच्या मसाल्याने) भरावी आणि पॉलिमर-सिमेंटचा लेप दोन हातांत, एक आडवा व एक उभा, द्यावा. भिंतीवर तो किमान फूटभर, शॉवरच्या बाजूस डोक्याच्या वरपर्यंत न्यावा.

यानंतर ट्रॅप बंद करून पाणी भरावे, पातळीवर पेन्सिलीची खूण करावी आणि ४८ ते ७२ तास थांबावे. आमच्या घरी सणापूर्वी काम संपवण्याच्या घाईत ही पायरी वगळली. दीड महिन्याने ट्रॅपच्या गळ्याशी बोटभर फट सापडली आणि नव्या टाइल्सच्या चार रांगा पुन्हा फोडाव्या लागल्या. पाणी उभे असताना खालच्या घरी जाऊन छत स्वतः हात लावून पाहावे. चाचणी उत्तीर्ण झाली, तर पुन्हा भराव व कोबा केल्यावर तेवढाच वेळ दुसरी चाचणी घ्यावी, कारण भराव टाकतानाच लेपाला चरे पडतात.

टाइल्सचा ढाळ ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर ठेवावा, सांधे एपॉक्सी ग्राउटने भरावेत, आणि दाराशी उंबरा ठेवण्यास विसरू नये.

खालच्या शेजाऱ्यांचे छत रंगवून देण्याची घाई मात्र करू नये. ओला गिलावा वाळण्यास कित्येक आठवडे लागतात. पेन्सिलीने ओलीच्या कडेभोवती रेघ ओढून तिथे तारीख लिहावी, डाग रेघेच्या आत सरकत पूर्ण सुकल्यावरच सैल पोपडे खरवडून पुट्टी व रंग द्यावा.