संकटातल्या जुगाडातून शिकताना या चुका टाळा

संकट ओसरलं की आढावा बैठक लागते आणि पहिली चूक तिथेच होते. ज्यांचे हुकूम तपासायचे, अहवालावर सहीही त्यांचीच. मग प्रत्यक्ष काय घडलं ते कागदावर उतरतच नाही.

जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राचंच घ्या. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत वीज गेली, कंट्रोल रूममधले मीटर बंद पडले. कर्मचाऱ्यांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटरना जोडल्या. अणुभट्टीत पाणी सोडायला आगीचे बंब लावले. १२ तारखेला संध्याकाळी समुद्राचं पाणी सुरू झालं आणि केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या, पंतप्रधान कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याचा फोन आला: अजून मंजुरी नाही, थांबवा. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी हाताखालच्या माणसाला हळूच सांगितलं, ‘मी आता थांबवायला सांगेन, पण तू थांबवू नकोस.’ मग टोकियोशी चालू असलेल्या व्हिडिओ बैठकीत सगळ्यांना ऐकू जाईल असा हुकूम दिला. पाणी चालूच राहिलं.

मे महिन्यात कंपनीने जाहीर केलं की पाणी सुमारे ५५ मिनिटं थांबलं होतं. काही दिवसांनी ते मागे घ्यावं लागलं. दोन महिने मुख्यालयाच्या नोंदीतच चूक होती, कारण खरं बोलायची सोय नव्हती. पुढे योशिदांना तोंडी समज दिली गेली. माझ्या मते समज द्यायचीच होती, तर ज्या व्यवस्थेमुळे त्यांना कुजबुजावं लागलं तिला द्यायला हवी होती.

दुसरी चूक याच्या उलटी: माणसाला हीरो करून विषय संपवणं. बंबांचं बरंच पाणी भट्टीत न पोचता दुसऱ्याच पाइपांत वळलं होतं, हे कंपनीने २०१३ मध्ये सांगितलं. आणि २००८ मध्ये १५.७ मीटर लाटेचा अंदाज समोर येऊनही उपाय लांबणीवर पडले, तेव्हा संबंधित विभागाचे प्रमुख योशिदाच होते. धाडस खरं होतं, म्हणून या दोन गोष्टी झाकायच्या नाहीत. जुगाड तसाच्या तसा एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत, घालण्याआधी तो कुठे गळत होता ते बघा.

तुमच्याकडे अहवाल फारच गुळगुळीत आला असेल, तर इलेक्ट्रिशियन, स्टोअरकीपर, रात्रपाळीचा सुपरवायझर यांच्याशी आठवड्याच्या आत वेगवेगळं बोला. बोलणारा त्यांच्या साहेबाच्या हाताखालचा नसावा. सुरुवात ‘कोणाच्या परवानगीने केलं?’ अशी करू नका. ‘कुठला हुकूम टाळावा लागला?’ असं विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव अप्रेझलच्या फाइलपर्यंत जाऊ देऊ नका.